अबू धाबी २०२१ चा शेवटचा लॅप आणि एफ-वनचे वादग्रस्त निर्णय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एफ-वन नव्याने बघायला लागलेलं कोणी भेटलं की पाच-दहा मिनिटांत विषय १२ डिसेंबर २०२१ वर येतोच. त्या दिवशी अबू धाबीला सीझनच्या शेवटच्या लॅपला, म्हणजे शेवटच्या फेरीत, रेड बुलच्या व्हर्स्टॅपनने मर्सिडीजच्या हॅमिल्टनला मागे टाकून टायटल नेलं, आणि तेही रेस डायरेक्टरच्या, म्हणजे रेस चालवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, एका वादग्रस्त निर्णयानंतर. मग तेच प्रश्न, तीच अर्धवट माहिती, आणि कोणीतरी चिडून उठून जातं. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून काढावं. आधीच सांगतो, मी ना हॅमिल्टनचा ना व्हर्स्टॅपनचा, मी वेटेलचा माणूस, आणि वेटेल त्या दिवशी त्या गाजलेल्या पाच गाड्यांपैकी एकीत होता. माझं म्हणणं एवढंच आहे की व्हर्स्टॅपन खराखुरा चॅम्पियन आहे आणि रेस डायरेक्टरचा निर्णय चुकला होता, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. लोकांना त्यातली एकच हवी असते, तिथे सगळं बिघडतं.

त्या दिवशी एवढं काय पणाला लागलं होतं?

२२ रेसचा सीझन, ही शेवटची, आणि दोघांचे पॉइंट्स ३६९.५. शेवटच्या रेसला दोघं असे अगदी बरोबरीत येणं १९७४ नंतर पहिल्यांदाच घडत होतं, तेव्हा फित्तिपाल्डी आणि रेगाझोनी होते. हा अर्धा पॉइंट कुठून आला असं विचाराल तर तो बेल्जियममधल्या स्पाचा. त्या वर्षी ऑगस्टमध्ये तिथे धो धो पावसात सेफ्टी कारच्या (धोका असला की सगळ्यांच्या पुढे हळू चालणारी गाडी, तेव्हा ओव्हरटेक बंद) मागे जेमतेम काही लॅप फिरवले आणि अर्धे पॉइंट वाटून टाकले, एकही ओव्हरटेक नाही, रेस अशी झालीच नाही, तरी व्हर्स्टॅपनला साडेबारा आणि हॅमिल्टनला साडेसात. म्हणजे सीझनचा हिशोब आधीच एका वादग्रस्त निर्णयावर उभा होता.

शिवाय व्हर्स्टॅपनच्या रेस नऊ जिंकलेल्या, हॅमिल्टनच्या आठ, त्यामुळे दोघं बाहेर गेले असते तर टायटल व्हर्स्टॅपनला. आणि वर्षभर दोघं एकमेकांवर आदळत होतेच. सिल्व्हरस्टोनला व्हर्स्टॅपन ५१ जी ने, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ५१ पट धक्क्याने, टायरच्या भिंतीत गेला आणि हॅमिल्टन दहा सेकंदांची पेनल्टी भोगूनही ती रेस जिंकला, माँझाला व्हर्स्टॅपनची गाडी चक्क हॅमिल्टनच्या डोक्यावर चढली. अबू धाबीच्या आधीच्या रविवारी जेद्दाला तर रेस डायरेक्टर रेड बुलशी रेडिओवर जागेचा सौदा केल्यासारखं बोलत होता. डिसेंबरपर्यंत वातावरण इतकं तापलं होतं की काडी पडायचीच बाकी होती.

शेवटच्या सहा लॅपमध्ये नक्की काय झालं? क्रमाने सांगा.

आपल्याकडे रेस संध्याकाळी साडेसहाला सुरू झाली होती. ५८ लॅपची रेस, ५२ होईपर्यंत हॅमिल्टन आरामात पुढे, मधे ११ सेकंदांहून जास्त अंतर. आमच्याकडे आईने स्वयंपाकघरातून विचारलं सुद्धा, "जिंकला ना तो काळ्या गाडीवाला?" आणि मी हो म्हणून मोकळा झालो.

५३ व्या लॅपला निकोलस लतिफी, विल्यम्सचा ड्रायव्हर, मिक शूमाकरशी लढताना हॉटेलजवळच्या वळणावर भिंतीला धडकला. गाडी ट्रॅकवरच अडकली म्हणून सेफ्टी कार बाहेर आली. रेड बुलने लगेच व्हर्स्टॅपनला पिटमध्ये (टायर बदलायला थांबतात ती जागा) घेऊन नवे सॉफ्ट, म्हणजे वेगवान पण लवकर झिजणारे, टायर लावले. हॅमिल्टन बाहेरच राहिला, त्याचे हार्ड, म्हणजे टिकाऊ पण हळू, टायर १४ व्या लॅपला लावलेले, म्हणजे चाळिशीच्या घरात गेलेले. सेफ्टी कारमागे सगळे गोळा झाल्यावर ११ सेकंदांचं अंतर शून्य झालं, फक्त दोघांच्या मधे पाच गाड्या होत्या ज्या एक लॅप मागे पडलेल्या होत्या: नॉरिस, अलोन्सो, ओकॉन, लक्लेर आणि वेटेल.

५६ व्या लॅपला रेस कंट्रोलचा मेसेज आला की लॅप झालेल्या गाड्यांना पुढे जाऊ दिलं जाणार नाही. स्क्रीनवरची ती ओळ मला अजून जशीच्या तशी दिसते, कारण ती वाचून मी रिमोट खाली ठेवला होता, संपलं म्हणून. पाच गाड्या पार करून एका लॅपमध्ये हॅमिल्टनला गाठणं शक्यच नव्हतं. मग रेड बुलचा बॉस ख्रिश्चन हॉर्नर रेडिओवर आला, या गाड्या का हटवत नाही, आम्हाला एकच रेसिंग लॅप हवाय. आणि ५७ व्या लॅपला नवा मेसेज आला: गाडी नंबर ४, १४, ३१, १६ आणि ५, पुढे जा. फक्त या पाच. आणि लगेच दुसरा, सेफ्टी कार याच लॅपला आत येतेय.

मग एक लॅप उरला. नवे सॉफ्ट विरुद्ध म्हातारे हार्ड, यात लढत अशी नव्हतीच, पाचव्या वळणावर व्हर्स्टॅपन आतून घुसला आणि गेला. पुढच्या लांब सरळ रस्त्यावर हॅमिल्टनने परत प्रयत्न केला, पण नाही. मर्सिडीजचा बॉस टोटो वूल्फ रेडिओवर रेस डायरेक्टर मायकेल मासींना ओरडून सांगत होता, मायकेल हे बरोबर नाही, आणि त्याला उत्तर मिळालं ते आता सगळ्यांना पाठ आहे, टोटो, याला मोटर रेस म्हणतात. आई बाहेर आली तेव्हा मी उभा होतो आणि काय सांगावं मला सुचत नव्हतं.

लॅप झालेल्या गाड्या म्हणजे काय आणि त्यांना पुढे का सोडतात?

लीडरने ज्यांना पूर्ण एक फेरी मागे टाकलंय त्या. ट्रॅकवर त्या लीडरच्या जवळ दिसतात पण खऱ्या अर्थाने एक लॅप मागे असतात. सेफ्टी कार आली की सगळे एका रांगेत येतात आणि या गाड्या मधेमधे अडकतात. मग त्यांना सांगतात की सगळ्यांना ओलांडून, सेफ्टी कारलाही ओलांडून, पूर्ण चक्कर मारून रांगेच्या शेपटीला जाऊन लागा, म्हणजे पुढची लढत मोकळी होईल. याला वेळ लागतो, सगळी गोम तिथेच आहे.

मग नियम काय सांगत होता?

तेव्हाच्या स्पोर्टिंग रेग्युलेशन्समधला ४८.१२ नंबरचा नियम. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, लॅप झालेल्या गाड्यांना पुढे सोडायचं. दोन, शेवटची लॅप झालेली गाडी लीडरला ओलांडून गेली की सेफ्टी कार त्याच्या *पुढच्या* लॅपच्या शेवटी आत येणार.

त्या दिवशी ट्रॅकवर लॅप झालेल्या गाड्या आठ होत्या, सोडल्या पाच. रिकार्डो, स्ट्रोल आणि मिक शूमाकर तिथेच राहिले. आणि पुढच्या लॅपचा नियम लावला असता तर सेफ्टी कार ५८ व्या लॅपच्या शेवटी आत आली असती, म्हणजे रेस सेफ्टी कारच्या मागेच संपली असती आणि हॅमिल्टन आठव्यांदा चॅम्पियन. एकाच मिनिटात एकाच नियमाचे दोन्ही भाग मोडले गेले आणि दोन्हींचा फायदा एकाच बाजूला गेला. त्यामुळे हा वाद नुसता फॅन लोकांचा रडारडीचा प्रकार आहे असं कोणी म्हटलं की मला राग येतो.

रेड बुलचा युक्तिवाद असा होता की नियमात शब्द 'एनी' आहे, 'ऑल' नाही. म्हणजे "ज्या कुठल्या गाड्या लॅप झाल्यात" याचा अर्थ सगळ्या असा होत नाही. वकिली मुद्दा म्हणून ठीक आहे. पण सोसायटीच्या गेटवर "कुठलीही गाडी इथे लावू नये" अशी पाटी असेल तर आपण पाच गाड्या हलवून तीन तशाच ठेवतो का? आणि मुख्य म्हणजे, याच मासींनी २०२० मध्ये नुर्बर्गरिंगच्या रेसनंतर, सेफ्टी कार एवढा वेळ का ठेवली असं विचारल्यावर, सगळ्या लॅप झालेल्या गाड्यांना पुढे सोडणं नियमाने बंधनकारक आहे असंच उत्तर दिलं होतं. सगळ्या. मग १४ महिन्यांत त्याचा अर्थ कसा बदलला?

मग मासींनी असं का केलं?

मायकेल मासी हे ऑस्ट्रेलियन गृहस्थ. २०१९ मध्ये सीझनची पहिली रेस व्हायच्या तोंडावर मेलबर्नमध्ये चार्ली व्हायटिंग अचानक गेले आणि त्यांची जागा मासींवर आली. व्हायटिंग म्हणजे वर्षानुवर्षं एकहाती सगळं सांभाळणारा माणूस, ड्रायव्हरसुद्धा त्यांच्यासमोर आवाज खाली करायचे. ती खुर्ची कोणालाही जडच गेली असती.

त्यांचं स्पष्टीकरण असं होतं की शक्यतो रेस हिरव्या झेंड्याखालीच (म्हणजे सेफ्टी कारशिवाय, खरी शर्यत चालू असताना) संपावी असं सगळ्या टीम्सनी आधीपासून मान्य केलेलं होतं, आणि त्या नियमाचा हेतू लीडर्सच्या लढतीत आड येणाऱ्या गाड्या बाजूला काढणं हा आहे, तो त्यांनी साधला. मला वाटतं माणूस प्रामाणिक होता. पण विचार करा, त्याच्या एका कानात हॉर्नर, दुसऱ्या कानात वूल्फ, समोर घड्याळ, ट्रॅकवर मार्शल्स गाडी उचलतायत, जगभर कोट्यवधी लोक बघतायत, आणि वर अपेक्षा अशी की टायटल सेफ्टी कारच्या मागे ठरू नये. अशा वेळी माणूस नियम शोधत नाही, शेवट कसा व्हायला हवा ते बघतो आणि तिथपर्यंतचा रस्ता काढतो. माझ्या मते खरी चूक ती होती.

लाल झेंडा दाखवून रेस थांबवली असती तर?

बऱ्याच जणांना हाच सगळ्यात न्याय्य मार्ग वाटतो, मलाही. त्याच वर्षी जूनमध्ये बाकूला व्हर्स्टॅपनचा टायर फुटून तो भिंतीत गेला तेव्हा लाल झेंडा दाखवून शेवटचे दोन लॅप नव्याने ग्रिडवरून, म्हणजे सुरुवातीच्या रांगेतून, सुरू केले होते. लाल झेंड्यात टायर बदलता येतात, म्हणजे दोघंही नव्या टायरवर, अर्धा डझन लॅपची बरोबरीची लढत. पण लतिफीचा अपघात काही लाल झेंड्याएवढा मोठा नव्हता हेही तितकंच खरं, गाडी उचलायला चार लॅप पुरले. अर्थात हे सगळं नंतर बसून सुचतं.

हॅमिल्टनने टायर का नाही बदलले? चूक मर्सिडीजचीच ना?

हा प्रश्न फार वेळा येतो आणि मला तो थोडा अन्यायाचा वाटतो. हॅमिल्टन पिटमध्ये गेला असता तर रेड बुलने व्हर्स्टॅपनला बाहेरच ठेवलं असतं, तो लीडर झाला असता, आणि नियमाप्रमाणे रेस सेफ्टी कारमागे संपली असती तर मर्सिडीजने हातातलं टायटल स्वतःच देऊन टाकलं असतं. पुढे असणाऱ्याने थांबायचं आणि मागच्याने उलटं करायचं, हे या खेळातलं साधं गणित आहे. मर्सिडीज नियम वाचून खेळली. त्याआधी व्हर्च्युअल सेफ्टी कार (गाडी बाहेर न काढता सगळ्यांना ठरलेल्या कमी वेगाने चालवायला लावणं) आली होती, जिओविनाझीची गाडी बंद पडली तेव्हा, त्या वेळी त्यांनी पिट करायला हवं होतं का यावर वाद घाला, तो मुद्दा मला पटतो.

पण पहिल्या लॅपला हॅमिल्टनला सूट मिळालीच की?

हो, आणि हे हॅमिल्टनवाले सोयीस्कर विसरतात. सहाव्या वळणावर व्हर्स्टॅपन आतून घुसला, स्वतः ट्रॅकच्या आत राहिला, हॅमिल्टन बाहेर ढकलला गेला आणि चिकेन (लागोपाठची उलटसुलट वळणं) कापून पुढेच राहिला. जागा परत दिली नाही. रेस कंट्रोल म्हणालं की मिळालेला फायदा त्याने परत दिलाय, चौकशीची गरज नाही. त्याच्या चारच आठवडे आधी ब्राझीलला नेमकी उलटी गोष्ट झाली होती, तिथे व्हर्स्टॅपनने हॅमिल्टनला चौथ्या वळणावर पार बाहेर नेलं आणि तिथेही चौकशी झाली नाही. म्हणजे दोघांनाही आपापल्या वेळी सूट मिळाली. पण पहिल्या लॅपचा निर्णय हा डोळ्यांनी बघून केलेला अंदाज आहे, दोन समजूतदार माणसांचं त्यावर वेगळं मत होऊ शकतं. आठातल्या पाच गाड्या सोडणं हा अंदाजाचा विषय नाही, ते मोजता येतं. या दोन गोष्टी एका तराजूत घालू नका.

स्टुअर्ड आणि रेस डायरेक्टर एकच का?

नाही, आणि ही गल्लत टीव्हीवरही होते. रेस डायरेक्टर रेस चालवतो: सेफ्टी कार, झेंडे, सुरुवात, थांबवणं. तो पेनल्टी देत नाही. एखादा प्रसंग त्याला गडबडीचा वाटला की तो स्टुअर्डकडे पाठवतो. स्टुअर्ड तीन-चार जणांचं वेगळं पॅनेल, त्यात २०१० पासून एक माजी ड्रायव्हर असतो. ते फुटेज, टेलिमेट्री, रेडिओ बघून पेनल्टी ठरवतात: पाच सेकंद, दहा सेकंद, ड्राइव्ह-थ्रू (पिटमधून हळू वेगाने एक चक्कर), ग्रिडवर मागे, लायसन्सवर पॉइंट. १२ महिन्यांत असे १२ पॉइंट झाले की एक रेस बंदी. २०२४ मध्ये मॅग्नुसन त्यात सापडला आणि बाकूची रेस घरी बसला. क्रिकेटच्या भाषेत म्हणायचं तर स्टुअर्ड थर्ड अंपायरसारखे, फक्त त्यांना काही वेळा निर्णयाला दोन तास लागतात आणि तोपर्यंत पोडियमवर शॅम्पेन उडवून झालेली असते.

मर्सिडीजने तक्रार केली होती ना, तिचं काय झालं?

दोन तक्रारी केल्या, त्याच रात्री. एक, सेफ्टी कार असताना व्हर्स्टॅपन क्षणभर हॅमिल्टनच्या पुढे गेला. ती फेटाळली, रास्तच होतं, दोघं बरोबरीने पुढे-मागे होत होते. दुसरी ४८.१२ ची. तीही फेटाळली, आणि कारण वाचण्यासारखं आहे. स्टुअर्डनी म्हटलं की ४८.१२ पूर्णपणे पाळला गेला नसेलही, पण १५.३ प्रमाणे सेफ्टी कारचा वापर रेस डायरेक्टरच्या अखत्यारीत आहे, आणि एकदा सेफ्टी कार आत येतेय असा मेसेज गेला की ती त्या लॅपला आत यायलाच हवी.

सरळ मराठीत, नियम मोडला असेल पण मोडण्याचा अधिकार त्यांना होता. मग नियम लिहून ठेवायचेच कशाला? सेफ्टी कार कधी बाहेर काढायची आणि कधी आत घ्यायची हे एका माणसाने ठरवणं वेगळं आणि ती आत घेताना कुठली पायरी गाळायची हेही त्यानेच ठरवणं वेगळं.

मर्सिडीजने अपील करणार असं कळवलं आणि १६ डिसेंबरला मागे घेतलं, त्याच दिवशी पॅरिसला बक्षीस समारंभ होता. हॅमिल्टन आणि वूल्फ तिकडे फिरकलेच नाहीत.

एफआयएने चूक मान्य केली तर निकाल का नाही बदलला?

एफआयए म्हणजे एफ-वनचे नियम करणारी जागतिक संघटना. मार्च २०२२ मध्ये तिचा चौकशीचा अहवाल आला. त्यात लिहिलं की गाड्या सोडण्याच्या प्रक्रियेत मानवी चूक झाली, रेस डायरेक्टरने चांगल्या हेतूने काम केलं, आणि निकाल वैध आहे, तो बदलणार नाही. पण बदलून करणार काय होते? ५७ व्या लॅपची स्थिती धरा ही मर्सिडीजची मागणी होती, म्हणजे जो लॅप सगळ्यांनी जीव तोडून चालवला तो झालाच नाही असं म्हणायचं. व्हर्स्टॅपनला त्याचा दोष काय? त्याला सांगितलं रेस आहे, त्याने रेस केली.

म्हणजे व्हर्स्टॅपनचं टायटल खोटं आहे?

अजिबात नाही. सीझनमध्ये दहा रेस जिंकलेला माणूस खोटा चॅम्पियन होत नाही, ३९५.५ विरुद्ध ३८७.५ हा रेकॉर्ड आहे आणि राहणार. आणि उलट बाजूने, हॅमिल्टनच्या तोंडचा घास गेला हेही तेवढंच खरं. रेसनंतर तो गाडीत किती वेळ तसाच बसून राहिला, मग उतरून व्हर्स्टॅपनला मिठी मारली, त्याचे वडील अँथनी यांनीही व्हर्स्टॅपन बापलेकांचं अभिनंदन केलं. मला त्या संध्याकाळी सगळ्यात जास्त आदर त्या दोन माणसांचा वाटला. ज्यांना राग यायचा हक्क होता ते शांत राहिले आणि ज्यांचं काही गेलं नव्हतं ते लतिफीला ठार मारायच्या धमक्या देत होते. भिंतीला धडकला हा त्याचा गुन्हा! लंडनमध्ये त्याला अंगरक्षक घेऊन फिरावं लागलं. हे कुठल्याही टायटलपेक्षा लाजिरवाणं आहे.

मासींना बळीचा बकरा केलं का?

थोडंफार हो. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांना काढलं आणि त्याच वर्षी ते एफआयए सोडून ऑस्ट्रेलियाला परत गेले. पण टीम बॉस लोकांना रेस डायरेक्टरशी थेट बोलू देणं, ते टीव्हीवर मनोरंजन म्हणून ऐकवणं, एका माणसावर एवढा भार टाकणं, हे सगळं मासींनी एकट्याने थोडंच ठरवलं होतं? त्यांना काढल्यावर आधी दोन डायरेक्टर आलटून पालटून ठेवले, मग एक, मग २०२४ च्या शेवटी तोही सीझन संपायच्या आत बदलला. खुर्चीवरचा माणूस बदलणं सोपं असतं.

असं आधी कधी झालंय का?

सुझुका, २२ ऑक्टोबर १९८९. सेना आणि प्रोस्ट, दोघंही मॅक्लारेनचे, एकमेकांशी बोलणं बंद. सेनाला जिंकणं भाग होतं. ५३ पैकी ४६ व्या लॅपला सेना चिकेनच्या तोंडाशी आतून घुसला, प्रोस्टने वळण घेतलं आणि दोन्ही गाड्या एकमेकांत अडकून थांबल्या. प्रोस्ट उतरून चालायला लागला. सेनाने मार्शल्सना हाताने खुणा केल्या, ढकला, गाडी चालू झाली, तो बाजूच्या रस्त्याने चिकेन टाळून ट्रॅकवर आला, पिटमध्ये नवं नाक बसवलं, मग नॅनिनीला त्याच चिकेनला गाठून रेस जिंकला. आणि त्याला बाद केलं. कारण काय, तर चिकेन पूर्ण केली नाही. नॅनिनी विजेता, प्रोस्ट चॅम्पियन. मॅक्लारेनने अपील केलं तर उलट सेनाला एक लाख डॉलर दंड आणि वर निलंबित बंदी. त्या वेळी संघटनेचे अध्यक्ष जाँ-मारी बालेस्त्र, फ्रेंच, आणि प्रोस्टही फ्रेंच, मग लोकांनी काय ते समजून घेतलं.

पुढच्या वर्षी, तिथेच, सेना पोलवर, म्हणजे सुरुवातीच्या पहिल्या जागेवर. पण पोलची जागा ट्रॅकच्या धुळीच्या बाजूला. त्याने ती बदलून मागितली, मिळाली नाही. मग त्याने पहिल्याच वळणावर प्रोस्टच्या फेरारीत गाडी घातली आणि चॅम्पियन झाला. मुद्दाम केलं हे वर्षभराने स्वतः सांगितलं. पेनल्टी शून्य. १९८९ च्या निर्णयातून १९९० चा अपघात जन्माला आला असं मी मानतो, कारण आपल्याला न्याय मिळणार नाही हे एकदा ड्रायव्हरच्या डोक्यात बसलं की तो स्वतःचा न्याय ३०० च्या स्पीडने करायला निघतो. म्हणून मला या विषयाची एवढी कळकळ आहे.

बाकी १९९४ ला अ‍ॅडलेडमध्ये मायकेल शूमाकर (मिकचे वडील) आणि हिल आदळले, शूमाकरला एका पॉइंटने टायटल, काही कारवाई नाही. १९९७ ला हेरेझमध्ये शूमाकरने तसंच व्हिलनव्हबरोबर करून पाहिलं, तर या वेळी पूर्ण सीझनच्या क्रमवारीतून काढून टाकला. २००८ चं सिंगापूर प्रकरण वेगळंच, तिथे अपघातच ठरवून घडवला होता. त्या वर्षीचं टायटल एका पॉइंटने हुकलेला फेरारीचा ड्रायव्हर फेलिपे मासा इतक्या वर्षांनी लंडनच्या कोर्टात गेलाय.

सगळ्यात चुकीची पेनल्टी तुमच्या मते कुठली?

इथे मी पक्षपाती आहे हे मान्य करून सांगतो: कॅनडा २०१९, वेटेल. ४८ व्या लॅपला तो गवतावर गेला, गाडी सावरत परत आला आणि मागून येणाऱ्या हॅमिल्टनला भिंतीकडे कमी जागा उरली. पाच सेकंद पेनल्टी. वेटेल पहिला आला आणि दुसरा ठरला. मग त्याने जाऊन हॅमिल्टनच्या गाडीसमोरची १ नंबरची पाटी उचलली आणि आपल्या गाडीच्या रिकाम्या जागेसमोर ठेवली, २ ची तिकडे सरकवली. फेरारीने फेरविचार मागितला, त्यासाठी नवा, महत्त्वाचा, निर्णयाच्या वेळी उपलब्ध नसलेला पुरावा लागतो. त्यांनी दिलेल्या पुराव्यांत आपल्या चेन्नईच्या करुण चंढोकने टीव्हीवर केलेलं विश्लेषण पण होतं. स्टुअर्डनी फेटाळलं, कारण ते एका तिसऱ्या माणसाचं मत होतं. नियमाने बरोबर होतं ते. पण गवतावरून घसरत येणाऱ्या गाडीने अजून कुठे जायचं होतं हे मला आजही कोणी समजावून सांगावं.

भारतात झालेल्या रेसमध्ये असं काही झालं होतं का?

टायटल फिरवणारं नाही. पण २०१३ ला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर वेटेल चौथ्यांदा चॅम्पियन झाला तेव्हा मी स्टँडमध्ये होतो, पुण्याहून दोन मित्रांबरोबर गेलो होतो. रेस संपल्यावर तो पिटमध्ये न जाता आमच्यासमोर सरळ रस्त्यावर आला आणि गोल गोल डोनट्स मारायला लागला, पांढऱ्या धुरात गाडी दिसेना, जळलेल्या रबराचा वास वरपर्यंत. मग उतरला, गाडीसमोर गुडघे टेकून नमस्कार केला. त्याबद्दल त्याला ताकीद आणि टीमला २५ हजार युरो दंड! त्यानंतर आपल्याकडे एफ-वन परत आली नाही.

२०२१ नंतर काय सुधारलं?

'एनी' चा 'ऑल' झाला. टीम बॉसचा रेस डायरेक्टरशी थेट संवाद बंद. मदतीला दूरवर बसलेली एक कंट्रोल रूम आली. स्पासारखं होऊ नये म्हणून सेफ्टी कारशिवाय किमान दोन लॅप झाल्याशिवाय पॉइंट मिळणार नाहीत असं ठरलं. आणि २०२५ मध्ये स्टुअर्ड कुठल्या निकषांवर पेनल्टी देतात ती मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली, हे मला सगळ्यात चांगलं पाऊल वाटतं.

राहिलं काय, तर दर रेसला स्टुअर्डचं पॅनेल वेगळं असतं आणि हे बहुतेक लोक मानद काम करतात. अब्जावधीचा धंदा आणि निर्णय देणारे पार्ट-टाइम. कायमचं, पगारी पॅनेल असावं असं ड्रायव्हर वर्षानुवर्षं म्हणतायत.

आणि पेनल्टी किती महाग पडू शकते ते २०२५ मध्ये दिसलंच. बार्सिलोनाला व्हर्स्टॅपन चिडून रसेलवर आदळला, दहा सेकंदांच्या पेनल्टीने पाचव्याचा दहावा झाला, नऊ पॉइंट गेले. वर्षाच्या शेवटी टायटल नॉरिसने जिंकलं, दोन पॉइंटने. त्या पेनल्टीबद्दल मात्र फार कोणी वाद घातला नाही, कारण ती बरोबर होती, व्हर्स्टॅपनने स्वतःही नंतर आपलं चुकल्याचं मान्य केलं.

तो शेवटचा लॅप परत बघायचाय, काय बघू?

सगळे पुढच्या दोघांकडे बघतात. तुम्ही या वेळी तिसऱ्याकडे बघा, फेरारीतल्या कार्लोस साइन्झकडे. त्याच्या आणि व्हर्स्टॅपनच्या मधे लॅप झालेल्या गाड्या तशाच सोडल्या होत्या, रिकार्डोची केशरी मॅक्लारेन आणि स्ट्रोलची हिरवी अ‍ॅस्टन मार्टिन. झेंडा हिरवा झाला तेव्हा पुढचे दोघं टायटलसाठी एकमेकांवर तुटून पडले होते, कदाचित दोघं आदळलेही असते, आणि तिसऱ्या नंबरवरचा माणूस, ज्याला कागदावर रेस जिंकायची संधी होती, तो ज्यांच्याशी त्याचं काही भांडण नव्हतं अशा गाड्यांच्या मागे अडकून बसला होता. त्याच्यासाठी कोणी रेडिओवर ओरडलं नाही.